मोडी लिपी शिकायची अनेक वर्षे राहून गेली आहे. सुरुवात नेमकी कोठून करावी?

ओसरी
आमच्या घरी पणजोबांच्या काळापासूनचे सुमारे 40 कागद लाल फडक्यात बांधून एका सागवानी पेटीत ठेवलेले आहेत. दोन-तीन देवनागरीत आहेत, बाकी सगळे मोडीत. वडील 2013 साली गेले. शेवटच्या आजारपणात त्यांनी ती पेटी माझ्या स्वाधीन केली आणि "मला जमले नाही, तू तरी वाच" एवढेच म्हणाले. त्याच वर्षी मी मोडी शिकण्याचे ठरवले आणि आजतागायत ते ठरवणेच चालू आहे.

प्रयत्न केलाच नाही असे नाही. पुस्तक आणले, मुळाक्षरांचा तक्ता मेजासमोरच्या भिंतीवर लावला, एका वर्गाचे शुल्क भरून दोन रविवार गेलोही. मग बदली झाली आणि ते सुटले. त्यानंतर दर पाडव्याला आणि दसऱ्याला नव्याने संकल्प करतो, 'अ'पासून गिरवू लागतो आणि 'ट'-'ठ'पर्यंत पोहोचेतो घरात काहीतरी निघते. आता निवृत्तीला तीन वर्षे उरली आहेत आणि 'निवृत्त झाल्यावर निवांत शिकू' असे माझ्या तोंडून वरचेवर जाऊ लागले आहे. वडीलही हेच म्हणत असत, म्हणून मला या वाक्याची भीती वाटते.

ज्यांनी असे वर्षानुवर्षे लांबलेले शिक्षण प्रत्यक्षात हाती घेतले, त्यांनी ते कसे केले, हे मनापासून जाणून घ्यायचे आहे.

जुने रुमाल
आपले लिखाण वाचून मला माझीच नऊ वर्षे आठवली. मीही तीनदा 'अ'पासून सुरुवात केली आणि तिन्ही वेळा अर्ध्यावर सोडले. चौथ्या वेळी टिकलो, कारण 'मोडी शिकायची' हा विचारच बाजूला ठेवला आणि 'हा एक कागद वाचायचा' एवढेच ठरवले. मोडी शिकण्याला अंत नसतो आणि ज्याला अंत नाही ते उद्यावर ढकलणे फार सोपे असते. कागदाला मात्र शेवटची ओळ असते.

कागद निवडताना त्या 40 मधला सर्वांत जुना घेऊ नका. इंग्रजी अमदानीतील मुद्रांकाच्या कागदावरचे एखादे खरेदीखत किंवा गहाणखत शोधा. त्या कागदांचा साचा ठरलेला असतो: लिहून घेणार कोण, लिहून देणार कोण, 'कारणे खरेदीखत लिहून देतो ऐसाजे', मग जमिनीच्या चतुःसीमा, रक्कम, शेवटी साक्षी आणि लिहिणाऱ्याचे दस्तुर. म्हणजे कोणत्या जागी काय असणार हे वाचण्याआधीच आपल्याला ठाऊक असते आणि डोळ्याला फक्त त्याची खूण पटवायची असते.

पहिल्या दिवशी मी फक्त आमच्या गावाचे नाव शोधले. मोडीत आधी पानभर आडवी शिरोरेघ ओढून तिच्याखाली हात न उचलता अक्षरे लिहीत जातात आणि शब्द तोडलेले नसतात, त्यामुळे प्रथमदर्शनी तो नुसता वेलांट्यांचा गुंता वाटतो. 'मौजे' दोन-तीनदा पाहिल्यावर एकाएकी ओळखू आले आणि त्याच्यापुढे गाव सापडले. मग आडनाव, मग 'बिन', मग बापाचे नाव. गाव आणि आडनाव मिळून सात अक्षरे हाती आली, तीही त्या कारकुनाच्या वळणाची, छापील तक्त्यातली नव्हेत. शेवटच्या ओळीशी पोहोचलो तेव्हा 'निशाणी नांगराची' असे लिहून त्याशेजारी बोटाच्या पेराएवढा नांगर काढलेला दिसला. लिहिता न येणाऱ्या आमच्या खापरपणजोबांची ती सही होती. त्या रात्री मी झोपू शकलो नाही आणि त्यानंतर संकल्प करण्याची गरजही पडली नाही.

कित्ता
'जुने रुमाल' यांच्याशी बव्हंशी सहमत आहे, परंतु एका बाबतीत माझा अनुभव निराळा आहे. नुसते वाचून मोडी डोळ्यात बसत नाही, ती हातातून यावी लागते. काना-मात्रा लागला की मोडी अक्षराचे वळणच बदलते, म्हणून मुळाक्षरांपेक्षा बाराखडी गिरवण्याला महत्त्व आहे आणि भिंतीवरच्या तक्त्याचा उपयोग होत नाही तो याच कारणाने. आपण निवडलेल्या कागदाची रोज एक ओळ, अर्थ लागो वा न लागो, जशीच्या तशी उतरवून काढा. बोरूच हवा असे नाही, साधे शाईचे पेन पुरते. वळण कोठून निघाले आणि कोठे वळले हे हाताला कळले की डोळ्याला ते आपोआप दिसू लागते.

वेळेविषयी सांगायचे तर मी 'दिवसातून अर्धा तास' असे ठरवले होते, तेव्हा तो अर्धा तास कधीच सापडला नाही. नंतर सकाळचा चहा आणि वर्तमानपत्र यांच्या मध्ये ती एक ओळ घातली. ओळ झाल्याशिवाय वर्तमानपत्र उघडायचे नाही. वही आणि पेन रात्रीच चहाच्या टेबलावर काढून ठेवते, कारण सकाळी कपाट उघडावे लागले तर तेवढ्यानेही माझा दिवस चुकतो. दोन-चार दिवसांचा खंड पडला तर पुन्हा 'अ'कडे जाऊ नका, जेथे थांबलात त्याच ओळीवर या. आपले प्रत्येक वेळी नव्याने सुरू करणे हेच, माझ्या मते, आपल्या अडचणीचे मूळ आहे.

मावळतीचे ऊन
घाई नसेल तर एखाद्या जाणकाराकडून कागद वाचून घेणे हाही मार्ग आहे. 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचकांना मागणी वाढली आहे, तरी थोडे थांबल्यास काम होते. शिकायचेच असेल तर पुराभिलेख संचालनालयाचे वर्ग भरतात, त्यांची चौकशी करावी. 2014 साली मोडीचा युनिकोडमध्ये समावेश झाल्यापासून संगणकावरही सराव करता येतो, मात्र छापील मोडी येणे आणि घाईत लिहिलेला दस्त वाचता येणे यांत फार अंतर आहे.

एक कळकळीची विनंती: मूळ कागद सरावासाठी हाताळू नका. त्यांची छायाचित्रे घ्या आणि मोठ्या आकारात छापून त्यांवर काम करा. चिकटपट्टी लावणे किंवा लॅमिनेशन करणे तर कटाक्षाने टाळावे.

ताम्हण
वाचून घेण्याचा मार्ग मीही पत्करला होता आणि त्यात एक गोष्ट हातची गेली, ती सांगते. जाणकारांनी अक्षरे अचूक लावली, पण शेतांची जुनी नावे, ओढ्याचे नाव, शेजारच्या जमिनीच्या मालकाचे घराणे, हे त्यांना कोठून कळणार? ते माझ्या मोठ्या काकूंना ठाऊक होते आणि लिप्यंतर माझ्या हाती आले तोवर त्यांची स्मृती गेलेली होती.

म्हणून आपणांस विचारावेसे वाटते की, आपल्या घरात गावाची जुनी माणसे अजून कोण आहेत? असतील तर अर्धवट वाचलेले असतानाच त्यांना फोन करा. मी आता माहेरचे कागद वाचते आणि दर रविवारी 84 वर्षांच्या आत्यांना आठवड्यात लागलेले शब्द वाचून दाखवते. एका दस्तात पूर्वेकडील सीमेचा शब्द मी 'पाण' एवढाच लावू शकले होते. "पाणंद असेल गं, तिथूनच तर आम्ही शाळेत जायचो," असे त्या लगेच म्हणाल्या. त्या वाट पाहत असतात, त्यामुळे शनिवारी रात्री कितीही दमले तरी मी दोन ओळी लावून ठेवते. मला स्वतःला दिलेला शब्द मोडता येतो, आत्यांना दिलेला मोडवत नाही.

एखाद्या कागदावर 'खमस सितैन मया व अलफ' असे काही दिसले तर गोंधळू नये. ते शुहूर सन, म्हणजे जुन्या कागदांतली एक कालगणना आहे आणि त्यात अरबी संख्याशब्द एकं, दहं, शतं या क्रमाने लिहिलेले असतात: पाच, साठ, शंभर, हजार, म्हणजे 1165. त्यात 599 किंवा 600 मिळवले की 1764-65 हे इसवी सन निघते. अशी पेशवाईतली पत्रे पुढच्या वर्षासाठी ठेवा. त्यांतली लिपी लागते, पण फारसी शब्द आणि भाषा यांना वेळ द्यावा लागतो.

ओसरी
सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला 16 दिवस लागले, कारण काही हाती लागल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

भिंतीवरचा तक्ता काढून टाकला. पेटीतील एका गहाणखताचे छायाचित्र मोठे छापून घेतले आणि चहाआधी रोज एक ओळ उतरवतो. दोन दिवस चुकले, पण मागे गेलो नाही. गावाचे नाव आतापर्यंत सहा ठिकाणी सापडले आहे. 'मौजे', 'बिन', 'सदरहू' आणि 'रुपये' हे शब्द आता न थांबता वाचता येतात.

कागदाच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात एक लहानसे वर्तुळ आहे. ते शाईचा डाग असावा, असे मी इतकी वर्षे समजत होतो. काल त्याच्या शेजारचे दोन शब्द लागले: 'निशाणी बांगडीची'. त्याआधी एका बाईचे नाव आहे, पुढे आमचेच आडनाव आहे आणि आमच्या घरात ते नाव कोणाच्या तोंडून मी कधी ऐकलेले नाही. पहिले अक्षर 'स' आहे आणि शेवटी 'बाई' आहे, मधले अक्षर मात्र अजून लागत नाही. गावी धाकटे चुलते आहेत, त्यांचे वय 81 आहे. उद्या सकाळी ओळ उतरवून झाली की त्यांना फोन करतो.