75व्या वाढदिवसाला पांढरी फुलं नेली, तर एवढं काय बिघडलं?

नौपाडेकर:
रविवारी चरईत मावशीचा 75वा वाढदिवस होता. जांभळी नाक्यावर उभं राहून बुके बांधून घेतला. पांढरी शेवंती, गुलछडीच्या आठ-दहा दांड्या, मधेमधे जिप्सी. चकचकीत कागद नको, सुतळीनेच बांध म्हटलं. दारात वहिनीने तो हातात घेतला, "अगं बाई, पांढरी?" एवढंच म्हणाली आणि बुके गेला तो थेट बाथरूममधल्या बादलीत. केकच्या टेबलावर शेजाऱ्यांनी आणलेली निळी ऑर्किड्स मिरवत होती. रात्री मावसभावाने तक्ता पाठवला: लाल म्हणजे प्रेम, पिवळा मैत्री, गुलाबी कौतुक, पांढरा शोक.

माझं म्हणणं, हा तक्ता आपला नाहीच. मेरी वर्टली मॉन्टेग्यू ही ब्रिटिश राजदूताची बायको. 1717-18च्या सुमारास ती तुर्कस्तानात होती. तिथे फुलं-फळं पाठवून निरोप कसे देतात ते तिने पत्रातून घरी कळवलं. पुढे 1819 मध्ये शार्लोट द लातूर (आपलं लातूर नव्हे) या टोपणनावाने पॅरिसला फुलांच्या भाषेचं पुस्तक निघालं आणि मग अशा याद्यांचं पीकच आलं. जुन्या याद्यांत पिवळा गुलाब म्हणजे मत्सर, आता तोच मैत्रीचा. आपल्याकडे झेंडू दसऱ्याला दारावर, आणि तिरडीवरही तोच. लावा अर्थ.

ऐरोली_साडेनऊ:
साफ असहमत. आमच्या ऑफिसात नोव्हेंबरात एक फ्रेंच बाई आल्या होत्या. स्वागताला ॲडमिनने पांढऱ्या शेवंतीचा भलामोठा गुच्छ दिला. बाईंनी हसून घेतला आणि खुर्चीखाली ठेवला. जेवताना कळलं, त्यांच्याकडे 1 नोव्हेंबरला शेवंती कबरीवर नेऊन ठेवतात. तक्ता कुठून आला याला काय करायचंय? घेणाऱ्याला काय वाटलं ते बघा. बटाटाही बाहेरूनच आलाय, उपासाला खाताच ना?

नौपाडेकर:
हे तर माझ्याच बाजूचं झालं. बाईंना शेवंती खटकली, पांढरा रंग नव्हे. पिवळी दिली असती तरी कबरच आठवली असती.

फुलपुडी:
स्टेशनाजवळ आमचा गाळा आहे, सासऱ्यांच्या वेळेपासून. रंगाचा अर्थ विचारणारं गिऱ्हाईक फेब्रुवारीत येतं. एरवी सगळे एकच विचारतात, "टिकेल ना?" आम्ही विचारतो, कशासाठी आणि कुणाला. वाढदिवस म्हटल्यावर मी नुसतं पांढरं बांधलंच नसतं, दोन लाल जरबेरा खुपसले असते. खरं सांगू का, निम्मे अर्थ पहाटे दादरच्या बाजारात ठरतात. पिवळ्या गुलाबाची 20ची गड्डी स्वस्त लागली की त्या दिवशी आमच्याकडे मैत्रीला ऊत.

आणि ती निळी ऑर्किड्स? बहुतेक पांढरीच असतात, रंग चढवलेली. म्हणजे शेजाऱ्यांनीही पांढरीच आणली होती, फक्त रंगवून!

मीठबंदर_रोड:
😀 पण नौपाडेकर, वहिनीला उगाच झोडपताय. एक विचारू? काका आहेत?

नौपाडेकर:
नाहीत. गेल्या श्रावणात गेले.

मीठबंदर_रोड:
फोटोला हार कसला असतो?

नौपाडेकर:
गुलछडीचा. दर गुरुवारी बदलतात.

मीठबंदर_रोड:
मग? वाढदिवसाला भरल्या हॉलमध्ये तोच वास कोंडला असता. आमच्याकडे सासूबाई गेल्यापासून मी गुलछडी घरात आणत नाही. रंगाचं मला काही नाही, तगर-मोगरा रोज देवाला असतोच. तोही पांढराच की.

ऐरोली_साडेनऊ:
म्हणजे फिरून पांढरा = शोक. तक्ता बरोबर.

फुलपुडी:
कसला बरोबर? गुलछडीचेच हार आम्ही नवरानवरीसाठी करतो. मे महिन्यात एकाच टोपलीतून लग्नाचे हारही ओवलेत आणि फोटोचाही. कळ्या त्याच, दोराही तोच. लग्नाच्या हारात मधेमधे लाल गुलाब घालतो, फोटोच्या हारात घालत नाही, एवढाच काय तो फरक.

ऐरोली_साडेनऊ:
अहो ताई, मग तेच तर म्हणतोय! तुमच्या त्या लाल गुलाबाने सगळं ठरलं की. त्याला रंगाचा अर्थ नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

फुलपुडी:
हे मात्र कधी डोक्यातच आलं नव्हतं. सासऱ्यांनी शिकवलं तसं ओवत आले.

नौपाडेकर:
एक लाल गुलाब मान्य. पण मावसभावाच्या तक्त्यात चौदा रंग आहेत, पीच म्हणजे 'कृतज्ञता' वगैरे. पीच रंग माझ्या मावशीला दाखवला तर ती "विटका गुलाबी" म्हणेल.

आत्ताच तिला फोन केला होता. म्हणाली, वहिनीला बोल लावू नकोस, बादलीत मीच ठेवायला सांगितलं होतं, फुलं पाण्याबाहेर कोमेजली असती. रात्री सगळे गेल्यावर तिने गुलछडीच्या दांड्या वेगळ्या करून काकांच्या फोटोपाशी ठेवल्या. शेवंती तिच्या खोलीत आहे, अजून ताजी आहे म्हणे. पुढच्या वेळी काय आणू विचारलं, तर सोनचाफा. बुकेबिके नको, पानाच्या पुडीत आण म्हणाली.

फुलपुडीताई, वसईचा चाफा येतो का तुमच्याकडे?

फुलपुडी:
येतो. पण सकाळी आठच्या आत या, ऊन लागलं की काळा पडतो.