परसातली रोपं खुशाल वाटा, पण घुबडाच्या ढोलीचा पत्ता कशाला वाटायचा?

परसदार_सावंतवाडी
आमच्या परसात कढीपत्ता, पानफुटी, रुई, सापसंद सगळं आहे, आणि पावसाळा लागला की मागेल त्याला फांद्या नि बिया देते. कढीपत्त्यावरचं कॉमन मॉरमॉन फुलपाखराचं सुरवंट लहानपणी बघितलंय का कोणी? पानावर पक्ष्याची शीट पडलीय असंच वाटतं, मोठं झालं की हिरवंगार होतं आणि हात लावला की डोक्यामागून लालसर दोन शिंगं बाहेर काढून असा वास सोडतं की पोरं लांब पळतात. हे घरोघरी दिसावं म्हणून तर रोपं वाटायची.

पण हल्ली कोणाच्या आंब्याच्या ढोलीत पिंगळ्याची पिल्लं दिसली, कोणाच्या विहिरीच्या कपारीत गव्हाणी घुबड बसलेलं दिसलं, की फोटो टाकतात आणि त्याच्याखाली लगेच गुगल मॅपची पिन. दिवाळी तोंडावर आलीय, अमावास्येच्या पूजेसाठी घुबडं पकडून विकतात नि मारतात हे इथं कोणाला माहीत नाही असं नाही. मांडुळाचं तर विचारूच नका. बिचारा बिनविषारी साप, उंदीर खातो, शेपूट बोथट म्हणून लोक दुतोंड्या म्हणतात आणि गुप्तधन काढून देतो, कोटीला विकला जातो असल्या अफवांपायी त्याला पोत्यात घालून नेतात. माझं म्हणणं एवढंच की रोपं द्या, बिया द्या, फोटोही टाका, पण जागा सांगू नका. तालुका पुरे.

रानवाटा_नाशिक
ताई, तळमळ समजते पण मला हे पटत नाही. लपवालपवीने आपल्याकडे किती नुकसान झालंय ते रानपिंगळ्याचं, म्हणजे रानातल्या छोट्या घुबडाचं, उदाहरण घेऊन बघा. 1884 नंतर हा पक्षी कोणाला दिसला नव्हता, आणि मधे एका ब्रिटिश अधिकाऱ्याने, मायनर्ट्झहागेन त्याचं नाव, म्यूझियममधून चोरलेला जुना नमुना 1914 साली गुजरातेत मांडवीला मिळाला म्हणून खोटी चिठ्ठी लावून ठेवला. लोक त्या खोट्या जागेवर विसंबले. पक्ष्यांच्या अभ्यासक पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांनी ती नोंद बाजूला ठेवून जुन्या खऱ्या जागा धरून शोध घेतला तेव्हा 1997 ला शहाद्याजवळ रानपिंगळा सापडला, एकशे तेरा वर्षांनी! पुढे मेळघाटात मिळाला, तानशातही मिळाला. नेमकी जागा लिहिलेली नसती तर आजही आपण तो नामशेष झाला असंच म्हणत बसलो असतो. तालुका लिहून अभ्यास होत नाही.

परसदार_सावंतवाडी
दादा, रासमुसेन बाई म्यूझियमच्या नोंदी वाचून गेल्या, व्हॉट्सॲपवर फिरणारी पिन बघून नाही गेल्या. नोंद नेमकीच हवी, त्याला कोण नाही म्हणतंय, पण ती कोणाच्या हातात जाते ते बघायला नको का? आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर धोक्यातल्या जातीची नोंद टाकली की नकाशावरचा ठिपका आपोआप वीस-बावीस किलोमीटरच्या चौकोनात कुठंतरी दिसतो, खरी जागा आत राहते आणि तुम्ही ठरवाल त्या अभ्यासकाला ती दाखवता येते, बाकीच्या जातींनाही तुम्ही स्वतः तसं लावू शकता. पक्ष्यांच्या नोंदींच्या ई-बर्डवर पण नाजूक जातींच्या नोंदी सगळ्यांना उघड्या दिसत नाहीत. एवढी सोय असताना दोनशे अनोळखी नंबरांच्या ग्रुपवर पिन टाकायची काय गरज?

काळी_माती_लातूर
तुमचं घुबडावरून चाललंय पण मला पहिल्याच वाक्यावर हरकत आहे. रोपं खुशाल वाटा म्हणे! 2022 च्या खरिपात आमच्याकडे लातूर, बीड, उस्मानाबाद भागात शंखी गोगलगायींनी सोयाबीन उगवलं की रात्रीतून कातरून टाकलं, लोकांनी दुबार पेरणी केली, काहींनी तिबार. ही गोगलगाय मूळची आफ्रिकेतली, तिच्यात नर-मादी वेगळे नसतात, एकेक जण शे-दोनशे अंडी मातीत घालते, साबुदाण्याच्या दाण्याएवढी, पिवळट पांढरी, आणि ती कुंडीच्या मातीतून, शेणखतातून, रोपांच्या पिशव्यांतून गावोगाव जाते. हौशी माणूस प्रेमाने कुंडी देतो, घेणारा प्रेमाने गाडीत ठेवतो, मातीत काय आहे ते दोघंही बघत नाहीत. घुबडाचा पत्ता लपवायला सांगताय तर मातीसकट रोप द्यायला पण बंदी घाला की.

बाल्कनीबाग_ठाणे
काका, तुमचं दुखणं खरंय, तरी वाटावाटीच बंद करा हे मी मान्य करणार नाही. पानफुटीचं एक पान पाकिटात घालून पाठवलं तरी कडेच्या खाचांतून रोपं फुटतात, त्याला माती लागतच नाही. कृष्णकमळाची फांदी ओल्या कागदात गुंडाळून जाते, रुईच्या बिया तर कापसासकट सुक्या जातात. आणि ही साधीसुधी झाडं माझ्या खिडकीत आल्यावर फुलपाखरं स्वतः येतात, पानफुटीवर रेड पिएरोची अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमधे शिरून आतला गर खात जाते, पान उजेडात धरलं की आत काळसर विष्ठा नि हलणारी अळी दिसते, हे पुस्तकात वाचून कळत नाही हो. ठाण्यात ओवळेकरवाडीला जाऊन या, अशीच झाडं लावून लावून फुलपाखरांची बाग उभी केलीय आणि ती लोकांना उघडी आहे, कुलूपबंद नाही. तिथून किती जण घरी जाऊन चार कुंड्या लावतात! लपवून ठेवलं असतं तर हे झालं असतं का?

काळी_माती_लातूर
पान, बिया, नुसती फांदी द्या, माझी काही हरकत नाही. माझं भांडण मातीशी आहे. आणि ते नर्सरीतनं आणलेलं पिवळ्या फुलांचं सिंगापूर डेझी एकमेकांना देणं तेवढं थांबवा, पाण्याकडेला एकदा पसरलं की खालचं काही वर येऊ देत नाही. गाजरगवताने काय केलं ते आपण पुण्यात 1955 पासून बघतोय, अजून शिकायचं काय राहिलंय?

कड्यावरचा_कोल्हापूर
घुबड, मांडूळ, गोगलगाय सगळं आलं, कंदीलपुष्पाचं कोणीच बोललं नाही. सह्याद्रीतल्या कड्यांवरची खरपुडी, हौशी लोकांत तिच्या कंदाची अदलाबदल चालते आणि "घरचंच आहे" म्हणून सांगतात. घरचं असेल तर बी द्या ना, कंद का देता? कंद उपटला की ते झाड त्या कड्यावरून गेलं, आणि यातल्या काही जाती अशा आहेत की दोन-चार डोंगरांपलीकडे जगात कुठंच नाहीत. फूलही केवढं अजब असतं, लांब नळी, आत खाली वळलेले केस, माशी आत गेली की लगेच बाहेर येता येत नाही, केस सुकले की मग सुटते, तोवर परागाचं काम होऊन जातं. तुमच्या गॅलरीत ती माशीच नसली तर शेंग धरणार कुठून? शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात या जाती वाढवण्याचं काम झालंय, जतन करायचं तर ते असं. म्हणून मी ताईंच्याही पुढे जातो, रानातल्या दुर्मिळ झाडाची जागा तालुक्यापर्यंतसुद्धा सांगू नका, जिल्हा बास.

रानवाटा_नाशिक
कंदाच्या बाबतीत तुमच्याशी सहमत, उपटणाऱ्याला माफी नाही. पण जागेच्या बाबतीत मी अजून तिथंच आहे, कारण वस्तीतल्या पक्ष्याचा प्रश्न वेगळा आहे. आमच्या भागात एका जुन्या चिंचेच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी राहते, झाड तोडायला माणसं आली तेव्हा बिल्डिंगमधल्या बायका खाली उतरल्या आणि पिल्लं उडेपर्यंत हात लावू दिला नाही. त्यांना ढोली माहीत होती म्हणून हे झालं. गुपित ठेवलं असतं तर फांद्यांबरोबर पिल्लंही ट्रकमधे गेली असती. ज्याची कोणाला माहितीच नाही त्याच्यासाठी भांडणार कोण?

परसदार_सावंतवाडी
दादा, त्या बायकांना नमस्कार सांगा माझा. पण त्या झाडाखाली राहणाऱ्या बायका आहेत, रोज जातायेता बघणाऱ्या. त्यांना सांगणं म्हणजे शेजाऱ्याला सांगणं, ते मीही करते, आमच्या वाडीत पोरासोरांना ठाऊक आहे घुबड कुठं बसतं ते. माझं भांडण पिनशी आहे, जी पुढे कुठं जाते ते टाकणाऱ्यालाही कळत नाही. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, फोनमधे लोकेशन चालू असेल तर फोटोच्या आतच जागा लिहिली जाते, व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर ती निघून जाते पण क्वालिटी चांगली राहावी म्हणून तोच डॉक्युमेंट करून पाठवला की जशीच्या तशी जाते. म्हणजे पिन न टाकताही पत्ता गेलाच. निदान घरट्याच्या नि मांडुळाच्या फोटोला तरी लोकेशन बंद ठेवा.

रानवाटा_नाशिक
डॉक्युमेंटचं खरंच ध्यानात नव्हतं आलं कोणाच्या, ते मी आमच्या लोकांना सांगतो. मांडुळाला पिन नाही, मान्य. घुबडाचं मात्र मी सोसायटीच्या फलकावर लिहिणारच, त्यावर आपलं जमणार नाही.

बाल्कनीबाग_ठाणे
सावंतवाडीच्या ताई, सापसंदाच्या बिया असतील तर मला हव्यात, क्रिमसन रोज फुलपाखरू आमच्या बाजूला दिसतं पण अंडी घालायला वेलच नाही. माती नको, नुसत्या बिया.