लेनी क्रॅविट्झचं ग्रेटेस्ट हिट्स
कुणीतरी म्हटलंय की अमेरिकन रॉक गायक लेनी क्रॅविट्झ म्हणजे गिटारवादक जिमी हेंड्रिक्स आणि सोल गायक कर्टिस मेफिल्डची झेरॉक्स, अहो पण झेरॉक्स काढणारा माणूस ड्रम, बेस, गिटार बरंचसं स्वतःच वाजवून रेकॉर्ड करतो का? त्याच्या गाजलेल्या गाण्यांचा २००० चा अल्बम ग्रेटेस्ट हिट्स हेडफोन लावून ऐका, 'इट एन्ट ओव्हर टिल इट्स ओव्हर' मधले ते स्ट्रिंग्ज आणि वरच्या पट्टीतला आवाज, थेट सत्तरच्या दशकातला सोल (कृष्णवर्णीय अमेरिकन गायकीचा भावपूर्ण प्रकार), आणि हे १९९१ ला अमेरिकेत दोन नंबरपर्यंत गेलेलं गाणं आहे. माझी तक्रार वेगळीच, गाणी सालाप्रमाणे लावलेली नाहीत त्यामुळे १९८९ पासून साउंड कसा बदलत गेला ते कळतच नाही. 'अगेन' हे गाणं तेवढं या अल्बमसाठी नवीन होतं, त्याला ग्रॅमीपण मिळालं. 'अमेरिकन वुमन' मात्र मला मूळ गाणाऱ्या गेस हू या कॅनेडियन बँडचंच आवडतं, सॉरी.