उसाच्या सरीत पाणी वेगाने पुढे न्यावे की सावकाश मुरवावे?

वारणाकाठ : वारणा-कृष्णाकाठच्या भारी काळ्या रानात उसाची सरी (मातीच्या दोन उंच वरंब्यांमधला पाण्याचा चर) शंभर मीटरपर्यंत लांब ठेवायची आणि एकदम दहा-बारा सऱ्यांत बारीक धार सोडून द्यायची, ही रीत मोडली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. पाणी शेवटाला पोहोचेपर्यंत सरीच्या तोंडाशी ते मुरतच राहते; परिणामी तोंडाकडच्या मुळ्यांना हवा मिळत नाही आणि शेवटाकडचा ऊस तहानलेला राहतो. पाणी जितका वेळ मुरू द्यायचे, त्याच्या साधारण चौथ्या हिश्श्यात ते टोकाला पोहोचावे, असा सिंचनशास्त्राचा ठोकताळा आहे. म्हणून मोजक्याच सऱ्या उघडून प्रत्येकीत मोठी धार सोडावी आणि पाणी टोकाला टेकताच ती कमी करावी. शिरोळ-वाळव्याकडील क्षारपड, म्हणजे जादा पाण्याने क्षार वर येऊन बिघडलेली राने पाहिल्यावर तरी जादा पाण्याचा मोह सुटायला हवा.

मुरमाड : आपले निदान मान्य आहे, उपाय मात्र सरसकट लागू होणार नाही. आमच्या उताराच्या हलक्या रानात मोठी धार सरीचा तळ खरवडते आणि गाळ शेवटाला नेऊन टाकते. तिथे सरीची लांबी निम्मी करून मधून आडवा पाट काढणे हाच सरळ मार्ग आहे. शिवाय रात्रपाळीच्या विजेवर, अंधारात दारे धरणाऱ्या, म्हणजे सरीसरीत पाणी वळवणाऱ्या माणसाने पाणी टोकाला टेकल्याचे ओळखून धार कमी करावी, ही अपेक्षा रास्त नाही.

वारणाकाठ : धूप होत असेल तर धार आवरलीच पाहिजे, हे खरे. पण आडव्या पाटाने जमीन अडते आणि यंत्राने आंतरमशागत करताना वारंवार वळावे लागते, तो खर्चही हिशेबात धरा.

खोडवा : दोघांनीही पाचटाचा, म्हणजे उसाच्या वाळलेल्या पाल्याचा, विचार केलेला नाही. खोडव्यात (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटलेल्या उसात) पाचट सरीत पसरलेले असते, त्यात पाणी अडते आणि मोठी धार सोडली तरी ते वरंब्यावरून शेजारच्या सरीत फुटते. आम्ही पाचट एकाआड एक सरीत दाबतो आणि मोकळ्या सरीतूनच पाणी देतो. काळ्या रानात ओल आडवी पसरते, त्यामुळे दोन्हीकडच्या ओळी भिजतात.

मुरमाड : मुरमात पाणी सरळ खाली जाते, ओल आडवी सरकत नाही, त्यामुळे आमच्याकडे तो प्रयोग ओळी वाळवूनच थांबेल. अशा रानाला ठिबकच हवे. सरीची डागडुजी तिथे पुरी पडत नाही.