मदत हवी आहे: चेंबर टाकलं, कार्बोरेटर टाकला, रीड टाकले, तरी गाडी ओढत नाही

माळावरचा_रायडर (मंगळवार, रात्री ११.१२)
रविवारी आमच्याकडं रेणापूरच्या बाजूला माळावर मुरमाच्या ट्रॅकवर रेस आहे. हातात पाच दिवस. गाडीचा स्टॉक सायलेन्सर काढून चेंबर टाकलं, २४ चा कार्बोरेटर टाकला, फायबरचे रीड (आत येणाऱ्या मालाच्या झडपा) टाकले. अठरा हजार गेले आणि गाडी आधीपेक्षा मेली. खालून उठतच नाही, अर्ध्या रेसला भक् करून दम सोडते, मग वर गेल्यावर एकदम फेकते तोवर वळण आलेलं असतं. मेकॅनिक म्हणतो चालवून चालवून सेट होईल. किती चालवू? कोणता पार्ट राहिलाय तेवढं सांगा, लगेच मागवतो. लेक्चर नको.

टूस्ट्रोक_काका (११.३०)
गाडी कोणती?

माळावरचा_रायडर (११.३१)
काका, यामाहाची आरएक्सच की. चेंबर काय स्कूटीला टाकणार का?

टूस्ट्रोक_काका (११.४०)
स्कूटीला टाकणारेही पाहिलेत, म्हणून विचारलं. आरएक्स १०० की १३५? साल? मूळ बोर (सिलिंडरचं भोक) आहे की घासून मोठा झालाय? कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं भोक) कितीचा? एअर फिल्टरचा डबा आहे की काढून फेकला? दुखतंय कुठं ते न सांगता गोळी मागताय.

माळावरचा_रायडर (११.४४)
१००. ९४ ची, वडलांची. बोर एकदाच झालाय. जेट जो आला तो, उघडून बघितला नाही. डबा काढला, तिथं कोनासारखा फिल्टर लावलाय.

बीडचा_भौ (बुधवार, सकाळी ७.०५)
सगळं सोड. १३५ चा ब्लॉक (सिलिंडर) टाक. १०० चा बोर ५० चा, १३५ चा ५८ चा, स्ट्रोक दोन्हीचा ५०. मी मपल्या गाडीला टाकलाय, मांजरसुंब्याच्या घाटात तिसऱ्यावर चढती. विषय संपला.

मिस्त्री_परभणी (७.५०)
भौ, स्लीव्ह जाड येती. इंजिनच्या केसचं तोंड लेथवर मोठं करावं लागतं, त्यासाठी क्रँक आख्खा उघडावा लागतो. मग नवा पिस्टन रुळेपर्यंत सांभाळून चालवायचा. पाच दिवसांत हे करून रेसला उभा राहणारा एक तर लई मोठा मिस्त्री नाही तर लई मोठा येडा. आणि रेसमध्ये १०० सीसीचा गट असला तर गडी तिथंच बाद.

बीडचा_भौ (७.५८)
तुमच्यासारख्या मिस्त्र्यांमुळंच मराठवाड्यात गाड्या पळत नाहीत.

मिस्त्री_परभणी (८.०२)
पळतात. परत येतात का ते विचारा.

नियमाने_चाला (९.१५)
मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे वाहनात असे बदल करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आधी याचा विचार करावा.

माळावरचा_रायडर (९.२०)
साहेब, गाडी छोटा हत्तीमध्ये घालून नेतो. रस्त्यावर फिरवतच नाही. आता कुणी पार्टचं नाव सांगेल का?

टूस्ट्रोक_काका (१०.४०)
पार्ट राहिला नाही, झालेत जास्त. चेंबर म्हणजे ताकदीची टाकी नव्हे. एक्झॉस्ट उघडला की आवाजाची लाट चेंबरच्या मागच्या निमुळत्या भागावर आपटून परत येते आणि सायलेन्सरमध्ये निसटलेला पेट्रोल-हवेचा ताजा माल पोर्टमध्ये मागे ढकलते. ही लाट पोर्ट मिटायच्या आत पोचली तर फायदा. ती वेळ एका ठराविक रेसलाच जुळते, खाली गाडी मरते. त्यात तुम्ही २० च्या जागी २४ लावला. भोक मोठं म्हणजे कमी रेसला हवेचा वेग कमी, पेट्रोल नीट ओढलं जात नाही. वरून मे महिना. उन्हानं मिक्श्चर लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, म्हणून भक्.

आणि खरं सांगू, १०० मध्ये पळवायची तर सुझुकीची शोगन होती. १०८ सीसीत १४ बीएचपी. आरएक्सला ११. आम्ही वाळूजला कामाला होतो तेव्हा पगाराच्या दिवशी...

बीडचा_भौ (१०.५२)
शोगनचं नाव काढू नका काका. शोगनचे पार्ट आज कुठं भेटतात? आरएक्सचे पुण्यात नाना पेठेत गेलं की पोतं भरून.

मिस्त्री_परभणी (११.१०)
काका, लाटेचं बरोबर. उन्हाचं उलटं. गरम हवा पातळ असती, त्याच जेटवर मिक्श्चर उलट रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, व्हायला बघतं. थंडीच्या पहाटे लीन होती गाडी. तेव्हा दोष उन्हाला देऊ नका.

रायडरदादा, एक काम कर. ॲक्सिलरेटरच्या मुठीवर पांढरी टेप लाव, पाव, अर्धी, पाऊण अशा खुणा कर. कुठल्या खुणेला भक् करती ते बघ. अगदी सुरुवातीला असंल तर पायलट जेट, पावापासून पाऊणपर्यंत निडल (कार्बोरेटरची सुई), त्याच्यावर मेन जेट. मग जिथं दम सोडती तिथंच मूठ धरून चोक जरासा ओढ. गाडी सुधारली तर पेट्रोल कमी पडतंय, आणखी बसली तर जास्त होतंय. ह्याला रुपया लागत नाही. आणि प्लगचा रंग सांग.

माळावरचा_रायडर (दुपारी १.३५)
प्लग पांढरट आहे, कडेला थोडा तेलकट. स्वच्छ म्हणजे चांगलाच ना?

मिस्त्री_परभणी (१.४०)
स्वच्छ न्हाय, भाजलाय. चांगला प्लग भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलासारखा दिसतो. आता चोकचं करूस्तोवर गाडी फुल्ल ओढू नको.

जालना_एक्सप्रेस (१.५५)
माझ्या स्प्लेंडरला चेंबर लावलं तर आवाज येईल का?

टूस्ट्रोक_काका (२.०५)
आवाज येईल. पोलीसही येतील.

मुखेडची_मीरा (२.३०)
मधेच बोलते, माफ करा. भाजलाय तर तेलकट कसा? पेट्रोलमध्ये ऑइल किती टाकताय? की गाडीच्या ऑइल पंपावर आहे?

माळावरचा_रायडर (२.४१)
ऑइल पंप काढला, वजन कमी. लिटरला ५० मिली टाकतो. जास्त असलेलं बरं, इंजिन जाम होत नाही.

टूस्ट्रोक_काका (२.४३)
हे आत्ता सांगताय?!

मुखेडची_मीरा (२.५८)
आमच्याकडं तुरीवर फवारणीचा पाठीवरचा पेट्रोल पंप आहे, तोपण टूस्ट्रोक. गेल्या वर्षी आमच्या गड्यानं असंच 'जास्त असलेलं बरं' म्हणून डबल ऑइल टाकलं. धूर इतका की शेजारच्या रानातून विचारायला आले काय पेटलं म्हणून, आणि मशीन जोर धरेना. दुरुस्तीवाल्यानं सांगितलं, जेटमधून माल जातो तेवढाच जातो. त्यात तेल वाढलं म्हणजे पेट्रोल घटलं. ऑइल जास्त म्हणजे मिक्श्चर लीन.

मिस्त्री_परभणी (३.१०)
ताईचं बरोबर. फरक थोडाच पडतो, पण पडतो त्याच बाजूला. ३० मिली टाक, खेळायला पुरे. पण एवढ्यानं प्लग पांढरा होत नाही, हवा कुठून तरी घुसती. २४ चा कार्बोरेटर २० च्या रबरावर कसा बसवलास?

माळावरचा_रायडर (३.१४)
मेकॅनिकनं काहीतरी केलंय. घट्ट आहे.

मिस्त्री_परभणी (३.१५)
'काहीतरी' म्हणजे काय? काढ आणि बघ.

माळावरचा_रायडर (रात्री ९.४८)
काढलं. ट्रॅक्टरच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून वर क्लिप मारली होती. पेट्रोल लागून रबर फुगून मऊ झालंय, नखानं सोललं जातंय. खालच्या बाजूला बोटाच्या पेराएवढी चीर. काढायच्या आधी चोकचं करून बघितलं होतं. अर्ध्या मुठीला चोक ओढला की गाडी सुटतीय.

बीडचा_भौ (९.५५)
आता उघडलंयच तर १३५...

मिस्त्री_परभणी (१०.०४)
भौ, झोपा. दादा, सापडलं की मग. चेंबर काढून एक्झॉस्टच्या भोकातून टॉर्च मार, पिस्टन खालीवर करून बघ. उभ्या रेघा आहेत का?

माळावरचा_रायडर (१०.२२)
आहेत दोन. नख अडकत नाही.

मिस्त्री_परभणी (१०.३०)
नख अडकत नाही म्हणजे वाचला. अडकलं असतं तर पुढच्या साइजचा पिस्टन टाकून बोर करावा लागला असता. लातूरला लेथवाल्याकडून २४ ला बसंल असा ॲल्युमिनियमचा अडॅप्टर करून घे, रबर नवं लाव. मग गाडी सुरू ठेवून जोडावर साबणाचं पाणी मार. रेस बदलली तर अजून हवा घुसती. मॅग्नेटोच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील पण बघ, तिथून हवा घेतली तरी असंच होतं.

टूस्ट्रोक_काका (१०.५०)
आणि एकदम लहान जेट लावू नका. मोठा लावून खाली या. गाडी जड वाटली, गुरगुरली तरी चालेल, पिस्टन तरी वाचतो. माझं मत अजूनही तेच, स्टॉक सायलेन्सर लावा आणि चेनच्या पुढच्या चकतीचा एक दात कमी करा. १४ ची १३ केली की मुरमाच्या वळणातून जवळपास पावणेआठ टक्के जास्त ओढ मिळते, शे-दोनशे रुपयांत. पोर्टला फाईल मात्र लावू देऊ नका. एक मिलिमीटर वर घासला तरी एक्झॉस्ट साडेचार-पाच डिग्री जास्त वेळ उघडा राहतो, आणि घासलेलं परत चिकटवता येत नाही.

माळावरचा_रायडर (शुक्रवार, संध्याकाळी ६.२०)
अडॅप्टर झाला. आत ११५ चा जेट निघाला. १३५ लावला तर वर जाऊन घरघरली, १३० वर साफ. निडलची क्लिप एक खाच खाली. ऑइल ३० मिली. लांब पट्ट्यात चौथ्यावर फुल्ल ओढून क्लच दाबून तिथंच बंद केली आणि प्लग काढला: शेंगदाण्याचं टरफल. १३ ची चकती पण टाकली काका. खालून अजून १०० सारखीच आहे, पण भक् गेलं. मीराताई, धन्यवाद. गावात कुणी मानलं नसतं की ऑइल जास्त म्हणजे वाईट.

टूस्ट्रोक_काका (६.३५)
छान. पठ्ठ्या, गुडघ्याची गार्डं घाला. शोगनचा विषय आपण नंतर काढू.

जालना_एक्सप्रेस (६.४०)
स्प्लेंडरचं राहिलंच.

माळावरचा_रायडर (७.०२)
अजून एक मदत हवी. आरएक्स १०० चा ऑइल पंप, केबलसकट, चालू स्थितीतला कुणाकडं आहे का? मी काढलेला भंगारात गेला. आज वडलांनी गाडी बघितली आणि एवढंच विचारलं, पंप कुठाय.