मदत हवी आहे: मस्टँग घेऊ की एम३४०आय? रविवारपर्यंत टोकन द्यायचंय

होटगीरोडकर
नमस्कार मंडळी. जरा घाईत आहे. फोर्ड मस्टँग जीटी आणि बीएमडब्ल्यू एम३४०आय, दोन्ही जुन्या, दोन्ही पुण्यात बघून आलोय. राहायला सोलापुरात. भाव जवळजवळ सारखाच सांगतायत. दोन दारांची कूपे (मस्टँग) घ्यावी की चार दारांची सेडान (एम३४०आय)? तीन आठवडे झाले, डोक्यात दुसरं काही नाही. मस्टँगवाला म्हणतो दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, रविवारपर्यंत टोकन द्या. ज्यांनी चालवल्यात त्यांनीच सांगा. एसयूव्ही सुचवू नका, नकोय.

पुणेरी_पिस्टन
मॉडेल कुठल्या सालचं? किती चाललीय? मालक कितवा? पासिंग कुठलं? एवढं कळल्याशिवाय कुणी काय सांगणार?

होटगीरोडकर
मस्टँग २०१८ ची, २१ हजार किमी, दुसरा मालक. एम३४०आय २०२१ ची, ३४ हजार, पहिलाच मालक. दोन्ही एमएच १२. पण माझा प्रश्न गाडीच्या प्रकाराचा आहे हो. कूपे की सेडान?

पुणेरी_पिस्टन
मग डोळे झाकून एम३४०आय. दीड वर्ष माझ्याकडे आहे. ३ लिटरचं सहा सिलिंडर सरळ रांगेतलं इंजिन, ३८७ पीएस ताकद, ५०० एनएम ओढ, आणि ती चारही चाकांना. शून्य ते शंभर ४.४ सेकंदांत. चेन्नईत जुळणी होते म्हणून मार्च २०२१ मध्ये ६२.९० लाखांत एक्स-शोरूम देता आली, नाहीतर एवढ्या ताकदीची गाडी त्या भावात कुठे मिळते? मस्टँगला ४०१ पीएस आहेत, पण सगळे मागच्या दोन चाकांवर. उन्हाळ्यानंतरचा पहिला पाऊस पडला की रस्त्यावर तेल-धुळीचं पातळ लोणी होतं. तेव्हा मागून ढकलणारी गाडी सांभाळायला हात तयार लागतो. तुमचा आहे का?

गॅरेजकाका
पिस्टनसाहेब, आपली गाडी चांगली म्हणजे सगळ्यांना तीच, असं नसतं. मी तीस वर्षं इंजिनं खोलतोय. मस्टँगचं ५ लिटर व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, टर्बोशिवायचं आहे. टर्बो म्हणजे हवा दाबून इंजिनात ढकलणारा पंखा, तो एम३४०आयला आहे. सोलापुरात मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो. टर्बोवाल्या गाडीत दाबलेली हवा आधीच तापते, त्यात बाहेरची हवा अशी भट्टीतली. मग संगणक इंजिन वाचवायला ताकद कमी करतो. दुपारी दोनला सात रस्त्यावर अर्धा तास अडका आणि मग विजापूर रोडला पाय दाबा, फरक कळेल. व्ही८ लाही ऊन लागतं, पण हिशेब सरळ असतो.

पुणेरी_पिस्टन
काका, हे पंधरा वर्षांपूर्वीच्या टर्बोचं झालं. आता ती दाबलेली हवा गार करणारा इंटरकूलर पाण्याने थंड होतो. मी एप्रिलमध्ये पुणे–सोलापूर–हैदराबाद केलंय, एकदाही जाणवलं नाही.

गॅरेजकाका
महामार्गावर वारा मिळतो, तिथं नाही जाणवणार. मी गावातलं सांगतोय.

निशिगंध
मला एक विचारायचंय, मागे कोण बसणार? आमच्या नात्यात एक कूपे होती. दोन दारं म्हणजे दार लांब, शेजारी गाडी लागली असेल तर अर्धंच उघडतं. नवी पेठेत कुठं लावणार ही गाडी? आणि मागच्या सीटवर जायला पुढची सीट वाकवून आत शिरावं लागतं. साडी नेसून एकदा शिरले, पुन्हा म्हणून बसले नाही. घरात लहान मुलं, वयस्कर माणसं असतील तर सेडानच घ्या.

अवलिया_७७
सुरक्षेचं कुणीच बोलत नाही. युरो एनकॅपच्या (युरोपातल्या) अपघात-चाचणीत या पिढीच्या मस्टँगला २०१७ च्या सुरुवातीला पाचपैकी दोनच तारे मिळाले होते. फोर्डने सुधारणा केल्यावर त्याच वर्षी तीन झाले. एम३४०आय ज्या ३ सिरीजमधली आहे, तिला २०१९ मध्ये पाच. मला तरी एवढं पुरेसं आहे.

भीमाकाठचा
एवढ्या महागाच्या गाड्यांत आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल घालणार ना? २०१८ च्या गाडीला चालतं का ते? आमच्या जिल्ह्यात उसाला काही तोटा नाही, आम्ही उत्पादक खूश आहोत, पण शंका आली म्हणून विचारलं.

गॅरेजकाका
चांगला प्रश्न. इथेनॉलचा ऑक्टेन (वेळेआधी पेट न घेण्याची क्षमता) जास्त, पण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण तृतीयांशाने कमी. म्हणून ॲव्हरेज घटतं. खरी काळजी रबराच्या नळ्या, सील आणि पाण्याची, कारण इथेनॉल पाणी ओढून घेतं. महिना-महिना उभी राहणारी गाडी असेल तर टाकी अर्धी ठेवू नका.

भीमाकाठचा
म्हणजे आमच्या उसाचा दोष नाही, गाडी उभी ठेवण्याचा दोष. इथेनॉलमुळे कारखान्यांकडे पैसा आला, उसाची बिलं निघायला लागली, हेही लिहा ना कुणीतरी.

पुणेरी_पिस्टन
ऊस, इथेनॉलसाठी वेगळा धागा काढा. धागाकर्ते, मागे कोण बसणार ते सांगा आधी.

होटगीरोडकर
मागे कुणी नाही. घरात इनोव्हा आहे, सगळे तिच्यातच जातात. ही गाडी फक्त माझी. पहाटे उठून तुळजापूरपर्यंत जाऊन यायचं, महिन्यातून एक-दोनदा पुणे.

निशिगंध
अहो, हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतं! मी इथं साडीपर्यंत पोचले.

होटगीरोडकर
चुकलंच. घरात इनोव्हा आहे हे मला इतकं अंगवळणी पडलंय की लिहायचं सुचलंच नाही. सॉरी ताई. पण वडिलांना एकदा तरी हिच्यात बसवायचंय, ते ७४ वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात. चाळीस वर्षं यंत्रमागावर टॉवेल विणून त्यांनी हे सगळं उभं केलं. पहिली फेरी त्यांच्यासोबतच मारायची, एवढं ठरलंय.

सदाफुली
नवीनच का नाही घेत? स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस सेडान बघा, २६५ पीएस, मागे भरपूर जागा, डिकी तर प्रचंड.

अवलिया_७७
त्या २०२५ मध्ये फक्त १०० आल्या होत्या, बुकिंगमध्येच संपल्या. आणि त्यांनी विचारलंय काय, आपण सांगतोय काय.

पुणेरी_पिस्टन
मागे कुणी बसणार नसेल तर माझा अर्धा मुद्दा गेला, मान्य. पण सर्व्हिस? फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. मस्टँग तर आयातच होती. एखादा हेडलाइट फुटला तर गाडी किती दिवस उभी राहील याचा विचार करा. टायरचंही बघा. माझ्या गाडीला रनफ्लॅट आहेत, हवा गेली तरी ८० च्या आत वेग ठेवून साधारण ८० किमी जाता येतं. इंदापूरजवळ मला ते कामाला आलं.

गॅरेजकाका
सर्व्हिसला दोन्हीही पुण्यालाच न्यायच्या, अडीचशे किलोमीटर. मग तो मुद्दा दोघींना सारखाच. सुट्या भागांचं मात्र पिस्टनसाहेब बरोबर बोलतायत. होटगीरोडकर, मी तुम्हाला गाडीपेक्षा ती विशिष्ट गाडी बघायला सांगेन. सात-आठ वर्षांत २१ हजार किमी म्हणजे ती बहुतेक उभीच होती. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. ३११८ असेल तर २०१८ चा ३१ वा आठवडा. नक्षी शाबूत दिसते पण रबर दगड झालेलं असतं, असे टायर असतील तर चारही बदलायचे पैसे भावातून कमी करून घ्या. सकाळी थंड इंजिन स्वतः चालू करा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर परत फिरा. सर्व्हिसचे कागद सलग हवेत, मधलं एखादं वर्षही गायब नको.

दुसरं, लोक कूपे म्हणजे छोटी गाडी समजतात. मस्टँग ४,७८४ मिमी लांब आहे, ३ सिरीजपेक्षा जास्तच, आणि पोटाखाली फक्त १३७ मिमी. तुमच्या गेटचा रॅम्प कसा आहे?

होटगीरोडकर
रॅम्प चढाचा आहे. रस्ता दोनदा उंच झाला म्हणून आम्हीही उंच केला. इनोव्हाला काही होत नाही.

गॅरेजकाका
इनोव्हाचं सोडा. एक सुतळी घ्या. मस्टँगच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २,७२० मिमी, म्हणजे नऊ फुटांना जेमतेम एक इंच कमी, सुतळी तेवढीच हवी. सुतळीच्या दोन्ही टोकांखाली पाच इंची ठोकळे ठेवा, एक रॅम्पच्या अलीकडे, एक पलीकडे, आणि ताणून धरा. सव्वापाच इंचांहून थोडी जास्त जागा असते, पण माणसं बसली की गाडी दबते म्हणून पाचच धरा. सुतळी मधे सिमेंटला टेकली तर गाडीही टेकणार. गल्लीतल्या गतिरोधकावरही हेच करून बघा. टोकन नंतर.

पुणेरी_पिस्टन
हे मला माझी घेताना कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. माझी पुढची पट्टी पार्किंगच्या उतारावर दोनदा घासलीय.

भीमाकाठचा
आणखी एक. कारखाने सुरू असताना पहाटे जाऊ नका. ऊस भरलेल्या ट्रॉलीला मागे लाल रिफ्लेक्टर नसतो बऱ्याचदा, मोहोळ ते टेंभुर्णी तर रांगच असते. आमचेच लोक आहेत, सांगून सांगून थकलो. एवढी वेगाची गाडी, अंधारात ट्रॉली दिसली तोवर जवळ आलेली असते.

निशिगंध
हे फार महत्त्वाचं आहे. चौपदरी महामार्गावरसुद्धा गाड्यांना १०० चीच मर्यादा आहे.

होटगीरोडकर
शनिवारी पुण्याला जाऊन आलो, वडिलांना घेऊन. आधी एम३४०आय. वडील सहज बसले, सहज उतरले, म्हणाले चांगली आहे. चालवली तर इतकी सहज पळते की स्पीडोमीटर बघून दचकायला होतं. गाडीत खोट काढायला जागा नाही.

मग मस्टँग. थंड इंजिन स्वतः चालू केलं, काका. टायर २०१८ चेच निघाले, तेवढे पैसे कमी करायला मालक तयार आहे. कागद सगळे सलग आहेत. वडील बसले, उतरताना मी आणि ड्रायव्हरने दोन्ही हात धरले. मला वाटलं आता नको म्हणतील. तर बॉनेटवर हात ठेवून इंजिनाची धडधड ऐकत उभे राहिले बराच वेळ. म्हणाले, आमच्या शेडमध्ये सकाळी पहिला माग सुरू व्हायचा तेव्हा जमीन अशीच हलायची.

टोकन दिलं. मस्टँगला.

सुतळी काल रात्री लावली. गतिरोधक दोन्ही पास, गेटचा रॅम्प नापास, बोटभर टेकतो. उद्या गवंडी येतोय, रॅम्प फोडून लांब करायचा.

गॅरेजकाका
अभिनंदन. लांब करताना माथा गोल ठेवायला सांगा, धार नको. आणि उतार कमी झाला की पावसात रस्त्याचं पाणी गेटमधून आत येईल, तर आधी आडवी जाळीची नाली काढून घ्या आणि तिला गटारीकडे उतार द्या. सिमेंट वाळेपर्यंत गाडी पुण्यातच ठेवा.