नाशिकहून कोळीवाड्यात जाताना (अनुभव धागा)

मासळी आणायला पालघर किनाऱ्यावरच्या सातपाटी, डहाणूकडे जाणाऱ्यांनी माहिती लिहावी. नावाच्या जागी नाशिकमधला आपला भाग लिहा. प्रवासवर्णन नको, उपयोगी पडेल ते सांगा.

सिडको : रस्ता असा - त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर, पालघर. घाटात धुकं असतं, उजाडल्यावरच निघा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या मासळीसाठी जाऊ नका.

पंचवटी : रविवार बघून जाण्यापेक्षा तिथी बघून जा. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची साधारण वेळ येते. चतुर्थीला 3, अष्टमीला 6, एकादशीला सव्वाआठ. तिथून सहा तासांनी ओहोटी. सातपाटीच्या खाडीत गाळ आहे, ओहोटीला बोटी चिखलात बसतात आणि भरतीच्या पाण्यावरच आत येतात. म्हणून ओहोटीला पोचलात तर धक्का रिकामा दिसणार. पुनवेला-अमावास्येला उधाण असतं, पाणी फार वर चढतं. गाडी वाळूत उभी करू नका, चाक रुतलं की पाणी थांबत नाही.

नाशिकरोड : लिलावात मासळी घाऊक जाते. आपल्याला मावशींकडचा वाटा परवडतो. पापलेट कल्ल्याजवळ दाबा. पांढरा द्राव आला तर ताजं, लालसर आला तर ठेवून द्या. कोळंबीचं डोकं काळं पडलेलं किंवा सुटं झालेलं नको. ओला बोंबील नाशिकपर्यंत आणू नका, त्यात पाणीच फार, लगदा होतो. त्यापेक्षा सुका घ्या. वलांडीवर, म्हणजे बोंबील वाळवायच्या मांडणीवर, दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगलेले दिसतील. सुका बोंबील वाकवल्यावर मोडला पाहिजे. लवला तर आत ओल आहे, पावसाळ्यात बुरशी धरणार.

गंगापूर रोड : पसरलेल्या जाळ्यावरून चालू नका. चपलेत अडकून दोरा तुटला तर तो कुणालातरी उन्हात बसून सांधावा लागतो. मासळी निवडणाऱ्या बायकांचा फोटो विचारूनच काढा. ती त्यांची कामाची वेळ असते, घाई असते.

पंचवटी : परतीचं राहिलं. चार-पाच तासांसाठी मासळीइतकाच बर्फ, म्हणजे 5 किलोला 5 किलो, तोही फोडलेला. मोठे तुकडे टाकले तर मध्ये पोकळी राहते. मासळी तिथेच पोट साफ करून घ्या, आधी पोटच नासतं. खाली बर्फ, मग मासळी, वर पुन्हा बर्फ. थर्माकोलच्या खोक्याला तळाशी भोक पाडून खाली परात ठेवा, वितळलेल्या पाण्यात मासा मऊ पडतो. जव्हारला थांबून परात रिकामी करा, नाहीतर घाटातल्या वळणांवर ते पाणी गाडीभर होतं.